झेरोडर्मा पिग्मेंटोसम : उन्हाने बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती नेमकी कुठे अडते?

अणुरेणू

झेरोडर्मा पिग्मेंटोसम, थोडक्यात एक्सपी, या आजाराला बरेच जण उन्हाची ॲलर्जी समजतात. ॲलर्जीत प्रतिकारयंत्रणा नको तितकी चवताळते. इथे तसं काही घडत नाही. एक्सपी असलेल्या मुलाच्या त्वचेतल्या डीएनएला उन्हाने जी इजा होते ती तुमच्या-माझ्या त्वचेतही होतेच. फरक त्यानंतर पडतो. आपल्या पेशी ती इजा निस्तरतात, त्या मुलाच्या पेशींना ते जमत नाही. मी रेणवीय जीवशास्त्र शिकवते आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे. मराठीत यावर सलग काही वाचायला मिळत नाही, म्हणून लिहायला घेतलं. लांबेल, पण हातचं राखून लिहिणार नाही.

आधी इजा म्हणजे काय ते पाहू. अतिनील किरणांतला यूव्हीबी हा पट्टा, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचा, डीएनए स्वतःच शोषून घेतो. साखळीत शेजारी-शेजारी दोन थायमिन किंवा सायटोसिन (ही डीएनएची अक्षरं) बसलेले असतील तर या ऊर्जेने ते एकमेकांना चिकटतात. चिकटण्याच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक सायक्लोब्युटेन डायमर, दुसरं ६-४ फोटोप्रॉडक्ट. डायमर संख्येने जास्त होतात, पण साखळीला फारसं वाकवत नाहीत, त्यामुळे चटकन सापडत नाहीत. ६-४ वालं साखळीला चांगलंच वाकवतं, म्हणून पेशी ते काही तासांत हुडकून काढून टाकते. डायमर निघायला दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. भर उन्हात थोडा वेळ उभं राहिलं तरी एकेका पेशीत अशा हजारो जागा बिघडतात.

जीवाणू, वनस्पती, मासे, इतकंच काय कांगारूच्या कुळातले प्राणीसुद्धा या बाबतीत आपल्यापेक्षा नशीबवान आहेत. त्यांच्याकडे फोटोलायेज नावाचं एन्झाइम असतं. ते निळा प्रकाश शोषून त्याच ऊर्जेने चिकटलेली जोडी जागच्या जागी सोडवतं. आपण आणि वारेचे सगळे सस्तन प्राणी उत्क्रांतीच्या ओघात ते गमावून बसलो. त्यामुळे डायमर काढायला आपल्याकडे एकच रस्ता उरला. त्याचं नाव न्यूक्लिओटाइड एक्सिजन रिपेअर, म्हणजे एनईआर. तो बंद पडला तर पर्यायी वाट नाही.

एनईआरचं काम रफू करण्यासारखं चालतं. बिघडलेला टाका तेवढा उसवून भागत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा चांगला भागही कातरावा लागतो आणि मग समोरचा धागा बघून नवा विणावा लागतो. एक्सपीसी हे प्रथिन डीएनए चाळत राहतं आणि साखळी कुठे बेढब झाली ते ओळखतं. डायमरसारखी लपलेली इजा असेल तर डीडीबी-२ हे प्रथिन आधी तिथे बसून एक्सपीसीला जागा दाखवतं. मग टीएफआयआयएच नावाचा दहा प्रथिनांचा जुडगा येतो. त्यातली एक्सपीबी आणि एक्सपीडी मिळून दुहेरी साखळी तेवढ्यापुरती उघडतात. एक्सपीए खात्री करून घेतं की इजा खरोखर इथेच आहे आणि पुढच्या सगळ्यांना योग्य जागी बसवतं. एक्सपीजी एका बाजूला काप घेतं, एक्सपीएफ आणि ईआरसीसी-१ ही जोडी दुसऱ्या बाजूला. मधला साधारण २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे तितक्या अक्षरांचा, तुकडा सुटून निघतो, पॉलिमरेज रिकामी जागा भरतं, लायगेज शेवट जोडून टाकतं. जीवाणूंतही हीच रीत आहे, फक्त त्यांचा तुकडा १२-१३ न्यूक्लिओटाइडचा असतो. हे सगळं उलगडणाऱ्या अझीझ सँकार यांना २०१५ मध्ये थॉमस लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

वर जी अक्षरं आली, ए पासून जी पर्यंत, ती एक्सपीच्या सात गटांची नावं आहेत. डीडीबी-२ म्हणजेच ई गट. प्रत्येक गटात या रांगेतलं एकेक प्रथिन बिघडलेलं असतं. आठवा गट व्हेरियंट म्हणून ओळखला जातो, त्याबद्दल पुढे लिहीन. माझा मुद्दा एवढाच की नुसतं 'एक्सपी आहे' एवढ्या निदानावर थांबू नये. दुरुस्ती कोणत्या पायरीवर अडली आहे यावर त्या मुलाला उन्हाने भाजेल का, नसांना धोका आहे का, कर्करोग किती लवकर होऊ शकतो हे बरंचसं ठरतं.

कातरवेळ

वाचतेय. फारच सविस्तर लिहिताय. हे सगळं शोधलं कसं याबद्दलही लिहा ना. आजार तर जुना असणार.

अणुरेणू

कातरवेळ, आजाराचं पहिलं वर्णन १८७४ सालचं. व्हिएन्नातले त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी कोरडी, पातळ झालेली, डागांनी भरलेली कातडी असलेले रुग्ण पाहिले आणि फेर्डिनांड हेब्रा यांच्यासोबतच्या ग्रंथात त्यांची नोंद केली. १८८२ मध्ये त्यांनी पिग्मेंटोसम हे विशेषण जोडलं. पुढच्याच वर्षी अल्बर्ट नायसर यांनी अशा दोन भावंडांची नोंद केली ज्यांच्या मज्जासंस्थेचाही ऱ्हास होत होता. नंतर ऐंशीएक वर्षं आजाराचं वर्णन होत राहिलं, कारण मात्र कोणालाच सापडलं नाही.

१९६४ मध्ये जीवाणूंवर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं की अतिनील किरणांनी झालेले डायमर पेशी कापून काढते. सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर नावाचे तरुण शास्त्रज्ञ माणसाच्या पेशींत असंच काही घडतं का ते पाहत होते. त्यांना असा माणूस हवा होता ज्याच्या पेशींना हे जमत नाही. वर्तमानपत्रात एक्सपीविषयीचा मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी मिळवल्या.

प्रयोग इतका देखणा आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. बशीत वाढवलेल्या पेशींवर अतिनील किरण सोडायचे, मग त्यांना किरणोत्सारी हायड्रोजन असलेलं थायमिडीन द्यायचं. जी पेशी डीएनए दुरुस्त करेल ती रिकामी जागा भरताना हे थायमिडीन वापरेल. पेशींवर फोटोग्राफीचं द्रावण पसरून काचपट्ट्या अंधारात ठेवून द्यायच्या. ठरल्या दिवसांनी त्या धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या की निरोगी पेशीच्या केंद्रकावर चांदीचे बारीक काळे कण विखुरलेले दिसतात. विभाजनाच्या तयारीतल्या पेशी कणांनी गच्च काळ्या होतात, त्या सोडून द्यायच्या. बाकीच्यांवरचे हे विरळ कण म्हणजे दुरुस्तीची खूण. एक्सपीच्या पेशींची केंद्रकं जवळपास कोरी होती. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. डीएनएची दुरुस्ती बिघडली की माणसाला कर्करोग होतो, हे थेट दाखवणारा हा पहिला पुरावा.

मग प्रश्न आला की सगळ्या रुग्णांत एकच बिघाड आहे का. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात डिर्क बूट्स्मा यांच्या गटाने १९७२ मध्ये दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी सेंदाई विषाणूच्या मदतीने एकमेकींत विलीन केल्या. आता एकाच पेशीत दोन केंद्रकं, दोन्ही आजारी माणसांची. आणि त्या दोन्ही केंद्रकांवर कण उमटले! एकाकडे जे प्रथिन नव्हतं ते दुसऱ्याकडे होतं. म्हणजे बिघाड वेगळे. कण उमटलेच नाहीत तर दोघांचा बिघाड एकाच जनुकात. जनुकं हाती लागायच्या कितीतरी आधी हे गट अशा जोड्या लावून ठरवले गेले.

निरंजन_प

मला ती काळे कण मोजण्याची गोष्ट फार आवडली. विद्यार्थ्यांना सांगणार.

सावलीतली

अणुरेणू, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझ्या मुलाला एक्सपी आहे. तो सात वर्षांचा आहे.

त्याला उन्हाने कधीच भाजलं नाही. लालसर होणं नाही, फोड नाहीत, रडणं नाही. दीड वर्षाचा असताना नाकावर आणि गालांवर बारीक तपकिरी ठिपके आले, मग ओठांवर, मग हातांवर. आम्हाला सांगितलं गेलं की गोऱ्या मुलांना असे ठिपके येतातच, मोठेपणी कमी होतील. त्याला कपडे बदलताना पाहिलं की मनगटाशी एक रेघ दिसायची. बाहीच्या खाली हात डागांनी भरलेला आणि बाहीच्या आत कातडी अगदी नितळ, जन्मली तशी. मला ती रेघ खटकायची. नाकावर एक गाठ आली, ती काढून तपासायला पाठवली आणि मग सगळं कळलं. जनुकीय तपासणीत एक्सपीसी आलं.

माझा प्रश्न असा की भाजलं नाही म्हणजे त्याचा आजार सौम्य आहे का? नातेवाईक असंच म्हणतात. मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही.

त्वचावैद्य

सावलीतली ताई, तुमची शंका रास्त आहे आणि उत्तर स्पष्ट आहे. भाजलं नाही म्हणून आजार सौम्य ठरत नाही.

एक्सपीच्या साधारण ६० टक्के रुग्णांत पहिलं लक्षण भयंकर भाजण्याचंच असतं. तान्ह्या बाळाला जेमतेम ऊन लागतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा सुजून फोड येतात. पोळल्यासारखं दिसतं, त्यामुळे पुष्कळदा आई-वडिलांनीच काही केलं असेल असा संशय घेतला जातो. ही ए, बी, डी, एफ आणि जी गटांची मुलं. सी, ई आणि व्हेरियंट गटांतली मुलं मात्र इतरांसारखीच, बेताची लाल होतात. त्यांच्यात पहिली खूण म्हणजे दोन वर्षांच्या आत उघड्या भागावर आलेले ठिपके. दोन वर्षांखालच्या मुलाच्या चेहऱ्यावर असे ठिपके दिसले तर मी एक्सपीचा विचार केल्याशिवाय पुढे जात नाही. तुम्ही लिहिलेली मनगटावरची रेघ हीच त्यातली खरी खूण आहे.

गंमत नव्हे, दुर्दैव असं की भाजणाऱ्या मुलांना घरचे आपसूक उन्हापासून लांब ठेवतात. न भाजणारी मुलं इतरांसारखी बाहेर खेळत राहतात. त्यामुळे सी गटात त्वचेचे कर्करोग लवकर आणि पुष्कळ होताना दिसतात. नातेवाइकांना एवढंच सांगा की त्याच्या कातडीला इशारा देता येत नाही, म्हणून तो इशारा आपण द्यायचा आहे.

अणुरेणू

यामागचं कारण सांगते, कारण ते फार सुंदर जुळतं. इजा शोधायचे एनईआरचे दोन मार्ग आहेत. एक सगळ्या जीनोमवर, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएवर, फिरून शोध घेतो, तो एक्सपीसी आणि डीडीबी-२ यांच्यावर चालतो. दुसरा फक्त चालू असलेल्या जनुकांपुरता. जनुकाची नक्कल करणारं आरएनए पॉलिमरेज वाटेत डायमरला अडखळतं, तिथेच थांबतं, आणि सीएसए, सीएसबी ही प्रथिनं दुरुस्तीला हाक देतात. शोध लागल्यापासून पुढचा सगळा रस्ता सामाईक आहे.

पेशी मरते आणि कातडी भाजते ते मुख्यतः अडकून पडलेल्या पॉलिमरेजमुळे. एक्सपीसी नसलेल्या मुलात चालू जनुकांची दुरुस्ती शाबूत असते. पॉलिमरेज अडकून राहत नाही, पेशी मरत नाहीत, भाजत नाही. पण उरलेल्या जीनोममधले डायमर तसेच राहतात. ती पेशी जगते, विभागते, आणि विभागताना त्या जागी चुकीची अक्षरं बसतात. एक्सपी रुग्णांच्या गाठींमधलं पी-५३ हे कर्करोगाला आवर घालणारं जनुक वाचलं तर शेजारच्या दोन सायटोसिनच्या जागी दोन थायमिन बसलेले वारंवार सापडतात. ही अतिनील किरणांची सही आहे, दुसऱ्या कशाने ती सहसा उमटत नाही.

मज्जासंस्थेचंही तसंच. चेतापेशी विभागत नाहीत, त्यांना चालू जनुकं धड राखणं सगळ्यात महत्त्वाचं. ते काम एक्सपीसी नसतानाही चालतं, म्हणून सी गटात मज्जासंस्थेचा ऱ्हास सहसा होत नाही. ए आणि डी गटांत दोन्ही मार्ग बंद पडतात, तिथे तो होतो. मेंदूपर्यंत ऊन पोचत नाही, मग तिथे इजा कशाने होते? पेशीच्या स्वतःच्या चयापचयातून निघणारे ऑक्सिजनचे मुक्त कणसुद्धा एनईआरलाच काढावी लागेल अशी काही इजा करतात, ही आजची मुख्य समजूत आहे.

रेवा_

मग सीएसए किंवा सीएसबी बिघडलं तर? फक्त दुसरा मार्ग बंद, पहिला चालू?

अणुरेणू

अगदी नेमका प्रश्न, रेवा. तो कॉकेन सिंड्रोम. १९३६ मध्ये एडवर्ड कॉकेन यांनी वर्णन केलेला. उन्हाने त्वचा भाजते, वाढ खुंटते, ऐकू आणि दिसू येणं कमी होत जातं, मूल अकाली वृद्ध दिसू लागतं. पण त्वचेचा कर्करोग वाढत नाही! अडकलेल्या पॉलिमरेजमुळे पेशी मरते, आणि मेलेल्या पेशीला कर्करोग होत नाही. सी गटाच्या बरोबर उलट चित्र. दोन्ही आजार शेजारी ठेवून पाहिले की भाजणं आणि कर्करोग या दोन निराळ्या घटना आहेत हे मनावर ठसतं.

याहून चक्रावणारं आहे एक्सपीडी जनुक. त्यात एका जागी बदल झाला तर एक्सपी होतो. दुसऱ्या जागी झाला तर ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी. या आजारात केसांत गंधक कमी, केस ठिसूळ, ध्रुवित प्रकाशाखाली पाहिले तर वाघाच्या शेपटीसारखे आडवे काळे-पांढरे पट्टे. आणि कर्करोगाचा वाढीव धोका नाही. तिसऱ्या जागी बदल झाला तर एक्सपी आणि कॉकेन दोन्ही एकत्र. एकच प्रथिन, आजार तीन. याचा उलगडा १९९३ नंतर झाला, जेव्हा कळलं की एक्सपीबी आणि एक्सपीडी ही टीएफआयआयएचचा भाग आहेत आणि हा जुडगा दुरुस्तीच्या जोडीला जनुकांची नक्कल सुरू करण्याचंही काम करतो. बदलाने फक्त साखळी उघडण्याची ताकद गेली तर एक्सपी. जुडग्याची घडणच डळमळली तर केसांपासून वाढीपर्यंत सगळंच बिघडतं.

आणि व्हेरियंट गट राहिला होता. त्यात एनईआर ठणठणीत असतं. काळे कणही नीट उमटतात, म्हणून बरीच वर्षं तो कोडंच होता. १९९९ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं. डीएनएची नक्कल होत असताना डायमर अजून निघालेला नसेल तर नेहमीचं पॉलिमरेज तिथे थांबतं. तेव्हा पॉलिमरेज ईटा पुढे होतं आणि चिकटलेल्या दोन थायमिनसमोर बरोब्बर दोन ॲडेनिन बसवून पुढे जातं. हे एन्झाइम नसलं की दुसरी पॉलिमरेजं ती जागा कशीबशी ओलांडतात आणि चुका करतात. या लोकांना कर्करोग होतो, पण बहुधा वयाच्या विशीनंतर.

कातरवेळ

हा आजार कितपत आढळतो? आणि भावंडांना होतोच का?

त्वचावैद्य

फार विरळ आहे. पश्चिम युरोपात दर दहा लाख जन्मांमागे दोन-तीन, अमेरिकेत साधारण दहा लाखांत एक. जपानमध्ये मात्र २२ हजारांत एक. तिथे एक्सपीए जनुकातला एकच जुना बदल पसरलेला आहे आणि शंभरातली जवळजवळ एक व्यक्ती त्याची वाहक आहे. उत्तर आफ्रिकेत एक्सपीसीतला एक ठरावीक बदल बहुसंख्य रुग्णांत सापडतो. ब्राझीलच्या गोयास राज्यातल्या अरारास या वस्तीत व्हेरियंट गटाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत.

वारसा अप्रभावी पद्धतीचा. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस निरोगी असतो, त्याला आपण वाहक आहोत हे कळतही नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. पहिल्या मुलाला झाला म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नाही की वाढत नाही. जवळच्या नात्यात लग्न झालेलं असेल तर दोघांकडे तोच बदल असण्याची शक्यता वाढते. कुटुंबातला नेमका बदल माहीत असेल तर गर्भावस्थेतही तपासणी होऊ शकते.

सावलीतली

कर्करोगाचा धोका आकड्यांत किती? आमच्यासमोर कोणी स्पष्ट बोलत नाही. मला ऐकायचं आहे.

त्वचावैद्य

तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थने १९७१ ते २००९ या काळात १०६ रुग्णांचा पाठपुरावा केला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. विशीच्या आत मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग) सोडून इतर त्वचाकर्करोगांचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १० हजार पटींहून जास्त, मेलॅनोमाचा २ हजार पटींहून जास्त. पहिला त्वचाकर्करोग होण्याचं मध्यक वय ९ वर्षं, मेलॅनोमाचं २२. मृत्यूचं मध्यक वय ३२. मज्जासंस्थेचा ऱ्हास असलेल्यांत २९, नसलेल्यांत ३७.

आता यापुढचं तितक्याच लक्ष देऊन वाचा. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचं निदान उशिरा झालं होतं, त्याआधीची वर्षं उन्हात गेली होती. झालेली इजा परत फिरवता येत नाही, पण नवी होऊ न देणं संपूर्ण हातात असतं. लहान वयात निदान होऊन कडक संरक्षण मिळालेल्या मुलांत गाठी कितीतरी कमी होतात. तुमच्या मुलाला सी गट आहे, मज्जासंस्था बहुधा सुरक्षित आहे. त्याच्या बाबतीत खरी लढाई त्वचेची आणि डोळ्यांची आहे, आणि ती लढता येते.

सावलीतली

धन्यवाद. आकडे वाचून हात थरथरले, पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे बरं.

आम्ही काय करतो ते लिहिते, कोणाला उपयोग होईल. अतिनील किरण मोजायचं छोटं यंत्र आम्ही घेतलं. ते घेऊन प्रत्येक खोलीत, प्रत्येक खिडकीपाशी, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजलं. खिडकी बंद होती, काच स्वच्छ होती, आणि काटा वर गेला. तोवर आम्हाला वाटत होतं काच पुरेशी आहे. पडद्याआड गेलं की आकडा पडायचा, पडद्याच्या फटीसमोर धरलं की पुन्हा वर. ढगाळ दिवशीही आकडा फारसा उतरत नव्हता. आता सगळ्या काचांना अतिनील अडवणारी फिल्म आहे. बाहेर जाताना पूर्ण बाह्या, हातमोजे, आणि टोपीला शिवलेला पारदर्शक मुखपट. सनस्क्रीन कानांच्या पाळीमागे, मानेवर, ओठांवरसुद्धा. तो स्वतःच यंत्र हातात घेऊन खोलीत आधी शिरतो आणि 'ये, चालेल' म्हणतो.

अणुरेणू

काचेबद्दल जोडते. साधी काच यूव्हीबी जवळपास सगळा अडवते, पण यूव्हीए, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा पट्टा, मोठ्या प्रमाणात आत येतो आणि तोही कमी वेगाने का होईना डायमर करतो. गाडीची पुढची काच दोन थरांची असल्याने बरंच अडवते, बाजूच्या काचा बहुधा नाही. दिव्यांपैकी एलईडी चालतात. फ्लुरोसंट आणि उघडे हॅलोजन दिवे मोजूनच वापरावेत. वाळू, पाणी आणि बर्फ यांवरून परावर्तित होणारे किरण सावलीतही पोचतात.

त्वचावैद्य

ताई, तुम्ही घरी जे करताय ते उत्तम आहे. त्यात थोडी भर घालतो.

डोळे कधी विसरू नका. पापण्या, पांढरा भाग आणि पारपटल यांच्यापर्यंत अतिनील किरण पोचतात, त्यामुळे प्रकाश सहन न होणं, कोरडेपणा, पारपटल धुरकट होणं, पापण्यांवर गाठी हे सगळं होतं. बाजूंनीही बंद असलेला अतिनीलरोधक चष्मा हवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ठरावीक काळाने तपासणी हवी. जिभेचं टोकही पाहायचं. बोलताना-हसताना तिथे ऊन लागतं आणि तिथे कर्करोग होतो, हे अनेकांच्या ध्यानातही येत नाही. अंगावर ऊनच नाही म्हटल्यावर ड जीवनसत्त्व कमी पडतं, ते रक्तात तपासून पूरक गोळ्यांनी द्यायचं. त्यासाठी थोडं ऊन लागू द्या, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

तंबाखूचा धूर घरात नको. धुरातल्या बेंझोपायरीनसारख्या रसायनांनी होणारी डीएनएची इजाही एनईआरच काढतं, आणि धूम्रपान करणाऱ्या एक्सपी रुग्णांना तरुणपणी फुप्फुसाचा कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. याच कारणाने पुढे कधी कर्करोगाची औषधं द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना एक्सपीबद्दल आधी सांगायला हवं. सिस्प्लॅटिनची इजा काढायला एनईआरच लागतं, त्यामुळे नेहमीची मात्राही या रुग्णांत जीवघेणी ठरू शकते. रेडिओथेरपीचं तसं नाही. क्ष-किरणांची इजा मुख्यतः दुसरे मार्ग दुरुस्त करतात आणि बहुतेक एक्सपी रुग्णांना ती सोसते, तरी आधी लहान मात्रा देऊन पाहतात.

निरंजन_प

बरा करणारा उपचार काहीच नाही? जनुकच नीट करता येत नाही का?

अणुरेणू

प्रयोगशाळेत जमतं. रुग्णाच्या पेशींत जनुकाची धड प्रत घातली की दुरुस्ती पूर्ववत होते, अशा पेशींपासून त्वचेचे थरही वाढवले गेले आहेत. पण सबंध शरीराची कातडी, डोळे, जीभ यांना पुरेल असं काही उपचार म्हणून अजून हाती आलेलं नाही.

मला सगळ्यात हुरहूर लावणारा प्रयोग आहे जीवाणूभक्षक विषाणूतल्या एका एन्झाइमचा. ते डायमरपाशी स्वतःच काप घेतं. ते चरबीच्या सूक्ष्म थैल्यांत भरून मलम केलं आणि एक्सपी रुग्णांनी ते वर्षभर लावलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात कर्करोगपूर्व खरबरीत डाग ६८ टक्क्यांनी आणि बेसल पेशींचे कर्करोग ३० टक्क्यांनी कमी झाले होते. तरी औषध म्हणून ते मंजूर झालं नाही. रुग्ण इतके कमी की मोठ्या चाचण्या उभ्या करणं अवघड जातं. या मुलांसाठी ते काम पुढे जायला हवं होतं असं मला कायम वाटत आलं आहे.

त्वचावैद्य

रोजच्या वापरातलं सांगायचं तर कर्करोगपूर्व डागांवर ५-फ्लुरोयुरॅसिल किंवा इमिक्विमॉड मलम, गाठी लहान असतानाच शस्त्रक्रिया. चेहऱ्याचं जास्तीत जास्त कातडं राखणं महत्त्वाचं, कारण या मुलांना अशा शस्त्रक्रिया आयुष्यात पुन्हा पुन्हा लागतात. पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन नव्या गाठी रोखतं. १९८८ मध्ये पाच रुग्णांवरच्या दोन वर्षांच्या अभ्यासात गाठी सरासरी ६३ टक्क्यांनी घटल्या. पण औषध थांबवताच त्या परत वाढल्या आणि मोठ्या मात्रेचे दुष्परिणामही बरेच होते. फार गाठी होणाऱ्यांसाठी ते राखून ठेवतात. अलीकडे शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या काही रुग्णांत प्रतिकारयंत्रणा मोकळी करणाऱ्या औषधांनी गाठी आक्रसल्या आहेत. या गाठींत उत्परिवर्तनं ढीगभर असतात, म्हणून प्रतिकारपेशींना त्या परक्या म्हणून ओळखता येतात.

सावलीतली

शेवटचा एक प्रश्न, डॉक्टर. धाकटी चार महिन्यांची आहे. अंगावर एकही डाग नाही. तिची तपासणी आताच करावी की डाग दिसतात का ते पाहून?

त्वचावैद्य

आताच. वाट पाहू नका. मोठ्याचा जनुकातला नेमका बदल तुमच्याकडे अहवालात लिहिलेला आहे, त्यामुळे तिच्या रक्तात फक्त तोच शोधायचा आहे, सगळं नव्याने करायला नको. अहवालाची प्रत सोबत घेऊन जनुकीय सल्लागारांना भेटा. चार महिन्यांच्या बाळाच्या कातडीवर काही दिसत नाही, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. निकाल हाती येईपर्यंत तिलाही फिल्म लावलेल्या खोलीत, दादासारखंच सांभाळा. निकाल आला की इथे किंवा निरोपात कळवा, आजार निघाला तर पुढे कोणत्या तपासण्या कधी करायच्या ते मी लिहून देईन.